न प्यालेलं एक लिटर

होळीची राख गार व्हायच्या आत माझ्या तळपायांना खाज सुटते. डॉक्टरला दाखवून झालं, तो म्हणाला बुरशी. बायकोला दाखवलं, ती म्हणाली मस्ती. दोघांचंही निदान चुकलं. ही खाज बर्फाची आहे, आणि ती नांदेडात सुटते हा माझा दोष नाही. मार्च उजाडला की आमच्या गच्चीवर चप्पल काढायची सोय राहत नाही. मी सगळ्यांना सांगतो की एका दुपारी मी गच्चीच्या फरशीवर पापड भाजून खाल्ला होता. हे खोटं आहे. दोन पापड होते.

तर होळी झाली की मी माळ्यावर चढतो, सॅक खाली काढतो, तिच्यातल्या मागच्या वर्षीच्या मातीचा वास घेतो आणि तिला दिवाणखान्याच्या मधोमध उभी करतो. तिथून पुढे दोन महिने माझं घरात लक्ष नसतं. जेवताना मी फोनवर पहाडातलं हवामान बघतो. रात्री पडलेला बर्फ किती इंच, हे मला शेजाऱ्याच्या आजारपणापेक्षा आधी कळतं. खुर्चीवर बसलो की पाय हलतो, उभा राहिलो की दुसरा हलतो. बायको म्हणते, "एक तर जा, न्हाई तर बसा. हे मधलं काय चालवून राहिलात?"

पण जायचं तर मे महिन्यातच. मी बिलोलीच्या शाळेत भूगोल शिकवतो, रोज नांदेडहून ये-जा करतो. आम्हा मास्तरांना सुट्टी मिळते ती मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. वर पहाडात तेव्हा हंगाम उघडलेलाच नसतो. वाटेवरच्या चहाच्या टपऱ्या पत्रे लावून बंद असतात, मेंढपाळ अजून खाली गावातच असतात, खिंडीवर माणसाच्या मांडीएवढा बर्फ असतो. शहाणी माणसं जूनच्या शेवटी जातात. आम्ही जातो तेव्हा वाटेवर एकाचंही पाऊल उमटलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच नशा आहे. सगळ्या जगाच्या आधी आपला बूट. शाळेच्या हजेरीपटावर मी कधी पहिला नव्हतो, निदान इथं तरी.

ह्या वेडाचं मूळही एका थापेत आहे. वीस वर्षं मी हिमनदी शिकवत होतो. ती दरी कशी कोरते, दगड कसे ओढत नेते, सगळं फळ्यावर काढून. आणि बर्फ म्हणाल तर मी पाहिला होता फक्त रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला, लाकडाचा भुसा लागलेला. एकदा वर्गातून आवाज आला, "सर, तुम्ही बघितली का हिमनदी?" मी म्हणालो, "हाव तर! दोनदा." झालं. तोंडातून निघालं. पुढं ते खरं करायला पंचेचाळिसाव्या वर्षी पाठीवर सॅक मारून निघालो. माझ्या बहुतेक प्रवासांची सुरुवात अशीच आहे. आधी सांगून टाकायचं, मग धावत जाऊन ते करून यायचं.

मागच्या वर्षापासून माझा ह्यातला जोडीदार म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहतो लातूरला, मार्केट यार्डात मापाडी आहे. म्हणजे शेतकऱ्याचा माल आला की काट्यावर घालून वजन पुकारणारा माणूस. तूर, हरभरा, सोयाबीन, उभ्या हयातीत त्यानं किती पोती तोलली असतील ती एकावर एक रचली तर आपल्याला हिमालयात जायची गरजच पडणार नाही. वजनाच्या बाबतीत तो देव मानत नाही, काटा मानतो. पोत्यावरून नुसता हात फिरवून सांगतो, "दीडशे ग्रॅम जास्त हाय," आणि असतंच.

म्हणून आमची तयारी म्हणजे तोलणं. साडू लातूरहून बसनं येतो, पिशवीतून लटकता काटा काढतो, दाराच्या कडीला अडकवतो आणि माझी एकेक वस्तू त्याला टांगतो.

"मोजे किती जोड?"

"चार."

"पाय किती हायेत तुम्हाला, साडूभाऊ?"

दोन जोड बाद. दात घासायचा ब्रश त्यानं अर्धा कापला. माझ्या टॉवेलाचा रुमाल केला. मागच्या वर्षी तर त्यानं माझी मिशी तोलायची गोष्ट काढली होती. नंतर म्हणाला, राहू द्या, तेवढीच ऊब.

सरावाचं विचाराल तर नांदेड-लातूरला डोंगर कुठून आणायचा? माहूरला आहेत, पण ते लांब. साडूच्या घरामागं कॉलनीची पाण्याची उंच टाकी आहे, तिला गोल जिना. टाकीत पाणी क्वचित असतं, त्यामुळं राखणदारालाही कामाचा कंटाळा, तो आम्हाला चढू देतो. मी लोकांना दीडशे पायऱ्या सांगतो. आहेत ब्याण्णव. सॅकमध्ये पंधरा किलो तूरडाळ भरायची, सकाळी सहाला सुरू करायचं, आणि वर-खाली वर-खाली करत ऊन डोक्यावर येईपर्यंत चालू ठेवायचं. एकदा माझी पिशवी फाटली. डाळ माझ्या आधी खाली पोचली, आणि त्या संध्याकाळी अख्ख्या कॉलनीत वरण होतं.

थंडीचाही सराव केला आम्ही. यार्डातल्या ओळखीनं साडूनं मला चिंचेच्या शीतगृहात नेलं. भर दुपारी, बाहेर बेचाळीस डिग्री, आत दोघं स्लीपिंग बॅगा पसरून चिंचेच्या पेट्यांमध्ये आडवे. मी सांगतो की दोन तास होतो आणि बाहेर आलो तेव्हा भुवयांवर बर्फ होता. होतो पंधरा मिनिटं. पण आठ दिवस अंगाला चिंचेचा वास येत होता हे मात्र घरातल्या माणसाला विचारा. बायको म्हणाली, "आमटीत टाकू का तुम्हाला?"

आता मागच्या वर्षीची गोष्ट.

ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा सांगितली असेल. किल्लारीला एका लग्नात तर पंगतीतून फर्माईश आली, "मास्तर, ते खिंडीचं होऊ द्या!" आणि मी बुंदीचा घास हातात धरून सुरू झालो. उत्तराखंडातली खिंड. नाव सांगत नाही, कुणी जाऊन चौकशी केली तर माझी अर्धी इज्जत जाईल. खिंड तीनशे फुटांवर आली. आणि वादळ आलं. काय वादळ! मी पतंगासारखा उडालो. पाय जमिनीवर नाहीत. तेवढ्यात साडूनं माझ्या सॅकचा पट्टा धरला, शंभर किलोचं पोतं पेलणारा हात तो, आणि मला खाली ओढून घेतलं. पांढरं, सगळं पांढरं, स्वतःचा हात दिसेना. तशात ह्या माणसानं मला पाच तास वाट काढत खाली आणलं. इथं मी साडूच्या पाठीवर थाप मारायचो, पंगत साडूकडं बघायची, आणि साडू मान हलवायचा. हळूहळू तोही भर घालायला लागला.

"तेव्हाच माझी टोपी उडाली, न्हाई का?"

"हाव, गरकन गेली."

टोपी उडाली नव्हती. टोपी माझ्या खिशात होती. मीच त्याच्या डोक्यावरून काढली होती, कारण ती त्याच्या डोळ्यांवर आली होती आणि ती वर करायची असते हे त्याला उमजत नव्हतं.

साडूला त्या दुपारचं काही आठवत नाही. म्हणून माझी गोष्ट त्याच्या डोक्यात रिकाम्या जागेत जाऊन बसली. लोकांना फसवणं वेगळं. पंगतीतल्या लोकांना माहीत असतं की मास्तर सांगतोय म्हणजे निम्मं काढून टाकायचं. पण ज्याची दुपार हरवली आहे, त्यानं कशातून निम्मं काढायचं?

ह्या वर्षी होळीनंतर साडू काटा घेऊन आला तो ठरवूनच. "साडूभाऊ, तीच खिंड. तोच रस्ता. तेवढेच दिवस. तीनशे फूट राहिले होते, वादळानं घात केला. ह्या खेपेला पार करायची." साठीला एक वर्ष कमी आहे त्याला. डोळे असे चमकत होते की मीच खाली बघितलं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "करायचीच!" कारण माझेही तळपाय खाजत होते. कारण मलाही ती खिंड हवी होती. तिकिटं बघितली, मागच्या वर्षीच्या गाईडला फोन करायचा ठरला, डाळ भरली. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. आणि रोज एक वस्तू नवीन तोलायचो.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी लातूरला होतो. टाकीचा जिना सोळा वेळा झाला होता (वीस सांगायला हरकत नाही). साडूच्या घरी येऊन घामानं निथळत बसलो. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, कुरमुऱ्याची सुशीला केली होती, वर शेंगदाण्याचं कूट. सगळे त्यांना अक्काच म्हणतात, मीही. लातूरच्या बाईला घरातलं पाणी सांभाळायचं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. नळ आठ-दहा दिवसांनी येणार, टँकर येईल तेव्हा खरा. कुठल्या पिंपातलं प्यायचं, कुठल्यातलं भांड्याला, कुठल्यातलं झाडाला, हे अक्कांच्या डोक्यात पाठ. भांडी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं कढीपत्त्याला. त्या घरात ग्लास अर्धाच भरतात. हवं तर पुन्हा मागा.

अक्का देवघरातून बाटली घेऊन आल्या. एक लिटरची, निळ्या झाकणाची. झाकणाला लाल दोरा.

"हात करा," त्या साडूला म्हणाल्या, आणि झाकणानं थेंबभर पाणी त्याच्या तळहातावर घातलं. मग माझ्या. "वरचं तीर्थ हाय. मागल्या वर्षी ह्यांनी आणलेलं. एकादशीला थेंब थेंब देते सगळ्यांना. वर्ष झालं, दोन बोटंच कमी झालं बघा."

मी तळहात तसाच धरून बसलो.

साडूनं डोळ्यांना लावून पिऊन टाकलं आणि आंघोळीला गेला. अक्का समोर बसल्या. "पाव्हणे, एक विचारू? तुम्ही लग्नात सांगता ते सोडा. मला खरं सांगा. ह्या वयात ह्यांना जाऊ देऊ का? तुम्ही हाव म्हणालात तर मी पुन्हा विचारणार न्हाई."

ही बाई मला तीस वर्षं ओळखते. माझ्या एकाही गोष्टीवर तिनं कधी विश्वास ठेवलेला नाही. आणि आज ती माझ्या एका शब्दावर नवऱ्याला पहाडात सोडायला तयार होती.

मी बाटलीकडं बघितलं आणि म्हणालो, "अक्का, हे तीर्थ न्हाई."

"म्हंजे?"

"हे पाणी ह्यांनी खालच्या गावात, नळावर भरलेलं हाय. चढताना प्यायला. ह्यांनी ते प्यालंच न्हाई. तसंच वर नेलं, तसंच खाली आणलं. सॅकेत भरलेली बाटली सापडली म्हणून ह्यांना वाटलं वरचंच हाय."

मग मी सांगितलं. वादळ नव्हतंच. आभाळ निळंशार होतं, इतकं की डोळे दुखावेत. सकाळपासून चढत होतो. मी दोनदा म्हणालो, साडूभाऊ, पाणी प्या. तो म्हणाला, "हाय की, पुरवून पितो." चारी बाजूंना बर्फ. नजर जाईल तिथवर पाणीच पाणी, गोठून पडलेलं, आणि त्याच्या मध्ये उभा राहून हा लातूरचा माणूस एक लिटर पुरवत होता. मला तेव्हा हसू आलं होतं. इतक्या उंचीवर अंगातलं पाणी भराभर उडतं, घोट घोट पीत राहावं लागतं, हे गाईडनं सांगितलं होतं. साडूनं मान हलवली होती. पण हात बाटलीकडं जाईना. सवयच नाही.

दुपारी त्याची पावलं वाकडी पडायला लागली. मग तो वजनं पुकारायला लागला. यार्डात पुकारतो तशी, सूर लावून. "एकाहत्तर तीनशे... अडुसष्ट नऊशे..." बर्फाकडं बघून. मग हातमोजे काढून एकावर एक नीट ठेवले, खाली बसला आणि मला म्हणाला, "यार्ड बंद झालं का हो?" मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. गाईडनं त्याला खांद्यावर घेऊन पाच तासांत खालच्या कुरणापर्यंत आणलं. गाईडनं. मी नाही, साडूनंही नाही. मी मागून सॅका ओढत होतो. रात्रभर झोपला, सकाळी डोळे उघडले, आणि विचारलं, "खिंड झाली का?" माझ्या तोंडातून निघालं, "वादळ आलं, साडूभाऊ."

बाटली अक्कांनी मांडीवर घेतली. झाकणाचा दोरा सोडायला लागल्या, तो सुटेना.

"मीच शिकवलं ते," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा हे तांबेच्या तांबे घटाघटा प्यायचे. मी ओरडायचे. म्हणायचे, जरा पुरवून प्या, घरात लेकरं हायेत. मीच लावली सवय." आणि पदर डोळ्यांना लावला.

आता इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं जमून गेलं असतं. सांगितलेलं सगळं खरं होतं. पाणी खरं, बाटली खरी, अक्कांची आठवण खरी. दोष आपोआप जाऊन त्या पिंपांवर आणि त्या रिकाम्या टाकीवर बसला होता. मी आयुष्यात इतकी बेमालूम गोष्ट कधी रचली नव्हती, आणि ह्या वेळी तर एक अक्षरही खोटं नव्हतं. साडूही टॉवेल खांद्यावर घेऊन दारात येऊन उभा होता. किती वेळ, माहीत नाही. सगळं ऐकलेलं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तोही बाटलीकडंच बघत होता, आणि त्याचीही मान खाली गेली होती, म्हणजे तोही स्वतःलाच दोष देत होता.

माझा पाय हलायला लागला. मी तो हातानं दाबून धरला.

"नुसत्या पाण्यानं न्हाई झालं ते," मी म्हणालो.

दोघांनी वर बघितलं.

"कुरणावर एक दिवस जास्तीचा थांबायचा होता. नुसतं बसायला. अंगाला उंचीची सवय व्हायला. गाईड म्हणाला होता, पहिल्यांदा आलेल्याला तो दिवस लागतोच. परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, ते मला चुकवायचं नव्हतं. साडूभाऊ, तुम्ही ओढ्यावर भांडी घासायला गेला होता, तेव्हा मी गाईडला सांगितलं, ये पहिली बार नहीं आए. पिछले साल इससे ऊपर जाके आए हैं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. आम्ही तो दिवस गाळला."

अक्कांनी बाटली खाली ठेवली.

"आणि तुम्ही बर्फात बसलात ना, तेव्हा गाईड लगेच म्हणाला, नीचे. मी म्हणालो, अर्धा तास थांबून बघू. बरं वाटेल कदाचित. कारण खिंड दिसत होती. अर्धा तास मी तिच्याकडं बघत बसलो, तुमच्याकडं न्हाई."

साडू सावकाश येऊन खाटेवर बसला. टॉवेलाची घडी घातली. ती उलगडली. पुन्हा घातली.

"तीनशे फूट राहिले होते म्हणता, ते?"

"तीनशे न्हाई. हजार असतील. जास्तच."

"टोपी?"

"माझ्या खिशात होती."

ते मात्र त्याला लागलं. टोपी उडताना त्यानं स्वतः बघितली होती.

"तुम्ही काटा मारला, पाव्हणे," तो म्हणाला. नेहमीसारखं साडूभाऊ नाही, पाव्हणे. "माझ्या वजनाचा काटा मारला. मी इतकी वर्षं यार्डात हाय. एका शेतकऱ्याचं पावशेर इकडचं तिकडं केलं न्हाई." बस, एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी सुशीला तशीच ठेवून निघालो. लातूर ते नांदेड बसमध्ये मी तीनदा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "ओ काका, सीटला काटे लागलेत का?" घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. तिला बहिणीचा फोन आधीच आला होता. म्हणाली, "अक्का म्हणत होती, आज पहिल्यांदा तुझा नवरा खरं बोलला, आणि मला वाटलं ही बी गोष्टच असंल. पण ह्या खेपेला त्यानं सोताला वादळात उडवलं न्हाई, खिंडीकडं बघत बसवलं. तेव्हा कळलं."

पुढचे बारा दिवस लातूरहून काही नाही. सॅक दिवाणखान्यात उभी. मी तिला वळसा घालून जायचो. रात्री हवामान बघायचो, बर्फ किती इंच, आणि फोन उलटा ठेवायचो. गच्चीवर फिरायचो, खाली यायचो, पुन्हा वर जायचो. शाळेत तर मी पेपर तपासता तपासता हिमनदीच्या आकृतीला कधी नव्हे ते पूर्ण मार्क देऊन टाकले, सगळ्यांना.

तेराव्या दिवशी सकाळी दार वाजलं. साडू. पिशवीत काटा. आला, कडीला अडकवला आणि म्हणाला, "आणा."

मी सॅक आणली. त्यानं एकेक वस्तू तोलली, एकही शब्द न बोलता. सगळं झाल्यावर काटा काढून घेतला आणि म्हणाला, "गाईडचा नंबर लावा. मी बोलणार. तुम्ही तोंड उघडायचं न्हाई." ही अट माझ्यासाठी खिंडीपेक्षा अवघड होती, पण पाळली.

फोन स्पीकरवर लावला होता. साडूची हिंदी लातुरी. "भैया, वो मैं. मापाडी. बर्फ में बैठ गया था ना? वही. एक बात बोलनी थी. मैं वो पहली बारच आया था. उसके पहले मैंने पहाड़ फकत माहूर का देखा था."

मग गाईड म्हणाला, "साहब, आप लोगों ने मुझे ये तब बताया होता तो मैं आपको ऊपर ले ही नहीं जाता।" मी भिंतीकडं बघत होतो. "आना है तो आइए। पर मई में नहीं। जून के आखिर में, बर्फ उतर जाए तब। कुरण पर दो दिन रुकना पड़ेगा। और खिंड पर जाना है कि नहीं, ये वहाँ मैं बताऊँगा।" तो 'कुरण' आणि 'खिंड' म्हणाला नाही अर्थात, त्याचे त्याचे शब्द म्हणाला. मी आपलं मराठी करून सांगतोय. एवढी सूट द्या.

"मंजूर," साडू म्हणाला.

जूनच्या शेवटी. माझी शाळा त्याच्या आधी दहा-बारा दिवस उघडते. प्रवेश, पुस्तकवाटप, हजेरीपट. त्या दिवसांत भूगोलाच्या मास्तराला रजा मागायची तर स्वतः मरावं लागतं, आणि तेही अर्ज देऊन. साडूला हे माहीत होतं. फोन ठेवून तो माझ्याकडं बघत राहिला.

"तुमचं जमायचं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई जमायचं."

"अक्का येणार हाय. वरच्या शेवटच्या गावापर्यंत. म्हणती, पाणी राखायला मी शिकवलं, आता प्यायला बी मीच लावते." मग काटा पिशवीत घालत, "परत आलो की तुम्हाला सगळं सांगतो. जेवढं झालं तेवढंच."

ह्याहून मोठी धमकी मला आजवर कुणी दिलेली नाही.

ती बाटली अक्कांनी देवघरातून काढली. पाणी फेकलं नाही, लातुरात पाणी फेकत नाहीत. आधी त्यात दोन वाट्या विसळल्या, मग ते कढीपत्त्याला घातलं. रिकामी बाटली साडूच्या सॅकला बांधली. ह्या वेळी तिला दोरा नाही.

आता मे चालू आहे. शाळेला सुट्टी आहे, वर बर्फ आहे, वाटेवर अजून एकाचंही पाऊल नाही. आणि मी लातूरला टाकीच्या जिन्यावर आहे. साडू पुढं, मध्ये अक्का कॅनव्हासचे बूट घालून, पाठीवर तीन किलो डाळ, मी शेवटी. मला कुठंच जायचं नाही तरी माझ्या पाठीवर पंधरा किलो आहे. सांगताना वीस सांगेन.

दर वळणावर अक्का थांबतात. बाटली काढतात, साडूच्या हातात देतात आणि तो गिळतो की नाही हे गळ्याकडं बघून तपासतात. काल पन्नासाव्या पायरीवर त्यांनी ती माझ्यापुढं धरली. पूर्ण भरलेली.

"तुम्ही बी प्या, पाव्हणे."

"मला कशाला, अक्का? मी कुठं चाललो?"

"तरी बी प्या."

मी प्यालो, घटाघटा, अर्धी संपवली. साडू वरून ओरडला, "साडूभाऊ, किती झालं?" मी बाटली उजेडात धरून नीट बघितलं आणि जेवढं झालं होतं तेवढंच सांगितलं. तळपाय अजून खाजत होते. उरलेल्या बेचाळीस पायऱ्या चढलो.